वरच्या वाट्याचं पाणी

१

शुभांगीने चहाचं आधण ठेवलं की ओसरीवर कुणीतरी कण्हत येऊन बसायचं, हे आता रोजचंच झालं होतं. कधी भावकीतला एखादा म्हातारा, कधी दूधवाला, आणि एकदा तर वरच्या खोलीत भाड्याने राहणारा हिंजवडीच्या कंपनीतला पोरगा, खुर्चीत बसून बसून कंबर धरलेला. सगळ्यांचा प्रश्न एकच असायचा, "रेश्मा हाय का घरात?"

रेश्मा म्हणजे तिची धाकटी जाऊ. ती पायाळू होती. जन्मताना तिचे पाय आधी बाहेर आले होते आणि डोकं मागाहून. अशा माणसाने कमरेवर लाथ दिली की भरलेली उसण निघते आणि त्याला जमिनीखालचं पाणी कळतं, हे नांदे गावात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. रेश्मा बाहेर यायची, पदर खोचायची, "काका, पालथं व्हा जरा" म्हणायची आणि लाजत लाजत उजव्या पायाची एक हलकी लाथ द्यायची. माणूस उठायचा, वाकून बघायचा, हसायचा. मग सारजाबाई, म्हणजे दोघींची सासू, आत तोंड करून ओरडायची, "शुभांगे, च्या आण गं!"

लाथ मारायची तिने आणि चहा करायचा हिने. शुभांगी बी. कॉम. झालेली, लग्नाआधी घोटावड्याच्या एका कारखान्याच्या ऑफिसात काम केलेली, मोजकं आणि शुद्ध बोलणारी. पण बी. कॉम.ने या घरात अजून कुणाची कंबर सुटली नव्हती. आपण जळतो हे तिला ठाऊक होतं आणि ती ते स्वतःपाशी कबूलही करायची. पोटात नुसतं दुखत असतं तर ओवा चावता आला असता; याच्यावर काय चावायचं ते तिला कुणी सांगितलं नव्हतं.

त्या वर्षी घरात एकच विषय होता. नांद्यातलं शेत इमारतींखाली गेलं होतं आणि त्या पैशातून दोघा भावांनी घोटावड्याच्या वरच्या अंगाला माळ बघितला होता. मालक कुशाबा म्हणून एक वयस्क गृहस्थ. मुळशीत पाऊस कोसळतो खरा, पण त्या माळावर तो मुक्कामाला थांबत नाही. पावसाळा सरला की वर मुरूम, खाली काळा पत्थर आणि नजर जाईल तिथवर वाळकं गवत. "निस्तं वाळवंट हाय," शुभांगीचा नवरा अमोल पहिल्यांदा बघून आला तेव्हा म्हणाला होता. विसार दिला होता, खरेदीखत राहिलं होतं. आधी पाणी बघायचं, लागलं तरच खरेदी, असं कुशाबाशी बोलणं झालं होतं. पाणी कोण बघणार, हे मात्र कुणी बोललंही नाही. त्याची गरजच नव्हती.

२

रविवारी सकाळी सगळे माळावर गेले. रेश्माने चपला काढल्या, तळहातावर नारळ आडवा ठेवला आणि चालायला लागली. पाण्यावर आलं की नारळ आपसूक उभा राहतो, अशी रीत आहे. खालच्या अंगाला, ओढ्याच्या बाजूला, तिच्या हातातला नारळ हळूहळू उठला. तिच्या नवऱ्याने, प्रदीपने, तिथे चुन्याची फक्की टाकली. सारजाबाईने सुनेवरून बोटं मोडली.

"वरल्या अंगाला बी एक फेरी मार," अमोल म्हणाला.

रेश्मा वर गेली. करवंदीची एक मोठी जाळी होती, तिच्यापाशी ती थांबली. बाकीचे खाली फक्कीभोवती बोलत होते. बघत होती ती एकटी शुभांगी. दुसऱ्याच्या ताटाकडे बघायची सवय लागली की नजर हटत नाही. रेश्माचा चेहरा उतरला. तिने दुसरा हात नारळावर दाबून धरला, उतू जाणाऱ्या भांड्यावर झाकण दाबावं तसा, आणि भराभरा पुढे निघून गेली.

"हितं काय न्हाई," ती लांबूनच म्हणाली.

खाली बोअर मारला. पाणी लागलं; फार नव्हतं, पण दोन घरांना पुरलं असतं. खरेदी झाली. मग वाटणीचा विषय निघाला. थोरल्याने वाटे पाडायचे आणि धाकट्याने आधी उचलायचा, ही भावकीतली जुनी रीत. थोरल्याने वाटे सारखे पाडावेत म्हणून. अमोल सरळ माणूस. त्याने मधोमध दोरी धरली. प्रदीपने खालचा वाटा उचलला, आणि पाणी त्याच्या बाजूला गेलं.

"पाणी काय, दोगांचंच हाय," प्रदीप म्हणाला, आणि मनापासून म्हणाला.

रेश्माने तर पुढे होऊन शुभांगीचा हात धरला. "ताई, कवाबी फोन करा. मी मोटर चालू करीन."

शुभांगी हसली. तिच्या अंगाचा तिळपापड झाला होता. आता जन्मभर हेच. रोप लावायचं तर रेश्माला फोन, भांडी घासायची तर रेश्माला फोन. आपल्या शेताचं बटण दुसरीच्या भिंतीवर. आणि ती दर वेळी गोड आवाजात "व्हय ताई" म्हणणार, हे सगळ्यात वाईट.

रात्रंदिवस तिच्या डोक्यात ती करवंदीची जाळी होती. रेश्माने तिथे काहीतरी लपवलं होतं. आणि पायाळू बाई माळावर लपवून लपवून काय लपवणार? पाणीच.

३

"मीसुद्धा पायाळू आहे," एक दिवस दुपारी जेवताना शुभांगी म्हणाली.

सारजाबाईच्या हातातला भाकरीचा तुकडा कालवणातच राहिला. "आगं, मंग इतकी वर्सं बोलली का न्हाईस?"

"पायाळूवर वीज पडते म्हणतात ना, आत्या. आईने शपथ घातली होती, सासरी सांगायचं नाही म्हणून."

खोटं इतकं सुरेख बसलं की तिचं तिलाच नवल वाटलं. अमोल बायकोकडे नव्याने बघायला लागला. रेश्मा मात्र खाली बघत होती, शुभांगीच्या पायांकडे.

"ताई, खरंच?"

"का? तुलाच एकटीला मक्ता दिलाय का देवाने?"

माहेरी, कासारसाईला, फोन करून आईला पढवून ठेवणं भाग होतं. तिची आई चंद्राबाई आधी खूप हसली. "आगं तू डोक्यानंच आलीस, आन आल्या आल्या दवाखाना डोक्यावर घेतलास!"

"कुणी विचारलं तर पायाने आली म्हण. एवढंच."

"मी काय कुणाला सांगायला जायची न्हाई," चंद्राबाई म्हणाली. "पर शुभे, जे आपलं न्हाई ते अंगाला लावून घेऊ ने."

शुभांगीने स्वयंपाकघराचं दार लोटून नारळ घेऊन सराव केला. अवघड काही नव्हतं. अंगठा नारळाच्या बुडाला लावायचा, मनगट किंचित वळवायचं. लांबून कुणाच्या बापाला कळत नाही. रेश्माही असंच करत असणार, असं वाटून तिला फार बरं वाटलं.

माळावर ती चपला काढून निघाली तेव्हा ऊन चढलेलं होतं आणि मुरूम तळव्यांना चटके देत होता. दाखवण्यापुरती ती इकडे तिकडे फिरली आणि मग जाळीकडे वळली. जाळीपाशी पोचताच पायांखाली गार लागलं. सावली नव्हती. तापल्या माळावर तेवढीच एक गार जागा, जेमतेम दोन पावलं मावतील एवढी. आता अंगठा, ती मनात म्हणाली.

अंगठा हलायच्या आधीच नारळ उठला. ताठ उभा राहिला आणि स्वतःभोवती थोडासा वळला.

मनगट आपणच वळवलं असणार. इतका सराव केला, हाताला सवय लागली. शुभांगीने मान वर करून बघितलं. बांधावर रेश्मा मटकन खाली बसली होती आणि तिने तोंडावर हात धरला होता. ते बघून शुभांगीला जो आनंद झाला त्यात नारळाची शंका कुठच्या कुठे गेली.

४

बोअरची गाडी आली. खाली रेश्माच्या बोअरच्या वेळी पत्थर कापतानाचा कर्कश आवाज आणि पांढऱ्या भुग्याचे लोट शुभांगीने बघितले होते. त्या भुग्याने सगळ्यांची डोकी म्हातारी दिसायला लागली होती. म्हणून यावेळी तिने डोक्याला ओढणी घट्ट बांधली. तिची गरज पडली नाही. भुगा उडालाच नाही. यंत्राचा आवाजही वेगळा येत होता, दबका, उशीतून आल्यासारखा. सळई वितळत्या लोण्यात जावी तशी आत जात राहिली.

"मॅडम, पत्थर मिलाही नहीं," गाडीवरचा माणूस तिच्यापाशी येऊन म्हणाला. त्याला ते बरं वाटलेलं दिसत नव्हतं.

"अच्छा है ना?"

तो यंत्राकडे परत गेला. तेवढ्यात पाणी आलं. फवारा इतका उंच गेला की खालच्या वाट्यातून प्रदीप ओरडत धावत आला. अमोलने भिजत भिजत बायकोला सगळ्यांसमोर मिठी मारली, जे त्याने लग्नापासून कधी केलं नव्हतं. सारजाबाई ओंजळ भरून पाणी प्यायली. "गोड हाय गं! शुभांगे, तू तर सोनं हायेस!"

गाडीवरच्या माणसांना आग्रह केला तरी त्यांनी त्या पाण्याने हात धुतले नाहीत. त्यांनी आपल्या टाकीतलं पाणी घेतलं आणि लगबगीने गाडी काढली. माणसं दूरदेशची, त्यांचं काही वेगळं असेल, असं शुभांगीने ठरवून टाकलं.

रेश्मा बांधाच्या पलीकडेच उभी होती. ती बांध ओलांडून आली नाही. शुभांगीने मुद्दाम हाक मारली, "ये की गं! बघ तरी!" रेश्माने नुसतीच मान हलवली. बरं झालं. आता कळू दे तिला, दुसरीच्या ओसरीवर चहा नेताना कसं वाटतं ते.

५

कमरा आता वाटल्या गेल्या. पहिला आला तो हैबतराव, शेजारचाच, तालमीत घुमलेला जुना गडी. त्याने ओसरीवर दोघींकडे बघितलं आणि म्हणाला, "थोरलीच्या पायाला लई पाणी लागलंय म्हंत्यात. आज थोरलीकडून." आणि तो शुभांगीपुढे पालथा झाला.

आत चहाचं आधण रेश्माने ठेवलं.

शुभांगीने लाथ दिली. हैबतराव दचकून मान वळवून म्हणाला, "सूनबाई, पाय धुऊन आली व्हय? लई गार हाय."

पाय कोरडा होता. शुभांगी सकाळपासून घरातच होती. हैबतराव उठला, वाकला, कंबर सुटली म्हणून खूश झाला आणि निघाला. तेव्हा त्याच्या पांढऱ्या बनियनवर मागे ओला ठसा दिसला. पावलाचा. पाच बोटं, चवडा, टाच, सगळं स्वच्छ. पण ठसा लहान होता. शुभांगीच्या तळहाताएवढा जेमतेम.

कापड ताणलेलं होतं, ठसा आकसला असेल. तिने बाकी कुणाला काही म्हटलं नाही. रेश्मा चहाचा कप घेऊन दारात उभी होती आणि तिनेही हैबतरावच्या पाठीकडे बघितलं होतं, म्हणून तर मुळीच नाही.

चैत्र लागला. माळावर विहिरी तळाला गेल्या, रेश्माच्या बोअरला मोटर लावली की मिनिटभर पाणी आणि मग हवेचे उसासे. शुभांगीच्या वाट्यात टोमॅटो, वांगी, कडेने झेंडू. तिचं पाणी उतरत नव्हतंच. उलट चढत होतं. सोमनाथ म्हणून मोटर दुरुस्त करणारा होता, तो दर खेपेला दोरी सोडून बघायचा आणि मान हलवायचा. "बोअरचं पाणी उनाळ्यात वर येतंय, ह्ये मी पयल्यांदाच बगतोय, वैनी."

तिथून खाली रेश्माच्या वाट्यापर्यंत पाइप टाकला होता. पाणी हवं असलं की आता ती फोन करायची. "ताई, जरा मोटर लावता का?" शुभांगी मुद्दाम थोडा वेळ जाऊ द्यायची, मग लावायची. काय सुख होतं ते! एखाद्या दिवशी फोन आला नाही तर तिला चुकल्यासारखं व्हायचं.

मोटर बंद केली की बोअरमधून आवाज यायचा. थप. थप. थप. पाण्याचे थेंब असे पडत नाहीत. ओल्या फरशीवर पोर अनवाणी पळावं तसा तो आवाज होता, फक्त पळणारं कुठे जात नव्हतं; जागच्या जागीच. शुभांगी टोमॅटो खुडता खुडता ऐकायची. पाइप हेलकावत असेल आणि भोवतालच्या केसिंगच्या नळीला लागत असेल, असं तिने अमोलला सांगितलं आणि अमोलने ते सोमनाथला सांगितलं.

सोमनाथ आला आणि त्याने पाइप धरून ठेवणारा क्लँप बघितला. पाइप हातभर वर सरकला होता.

"वर कसा येईल?" शुभांगीने विचारलं.

"खालनं दाब असंल पाण्याचा." त्याने स्वतःही त्यावर फारसा विश्वास ठेवलेला दिसला नाही. त्याने मोटर आणि पाइप सगळं ओढून बाहेर काढलं. आखितीला, अक्षय्य तृतीयेला, बोअरची पूजा ठरलीच होती. पूजा झाली की नीट बसवून देतो म्हणाला. बोअरच्या तोंडावर त्याने पत्र्याचं झाकण ठेवलं आणि त्यावर एक दगड.

६

आखितीच्या आदल्या दिवशी सकाळी रेश्मा आली. बोअर झाल्यापासून बांध ओलांडून ती पहिल्यांदाच वरच्या वाट्यात आली होती. चालताना ती पाय उचलून उचलून टाकत होती, निवडुंगातून चालल्यासारखी.

"ताई, राग मानू नका. त्या दिवशी जाळीपाशी माझा नारळ बी उठला हुता. मी दाबून धरला."

"माहीत आहे मला. बघितलं मी."

रेश्मा थबकली. "तुमाला ठावं हुतं?"

"तू लपवलंस. आम्हाला पाणी मिळू नये म्हणून. धाकट्याने आधी वाटा उचलायचा हेही तुला ठाऊक होतं."

"पाणी न्हवतं त्ये, ताई." रेश्माचे डोळे भरले होते. "पाण्यावर उभं ऱ्हायलं का मला तळव्याला कळतं, मुंग्या आल्यावानी. तितं तसं न्हवतं. काय हुतं मला न्हाई सांगता येत. पर त्ये वरती यायला बगत हुतं, आन त्येला माजे पाय वळखू आले. मी भ्याले. आमी वाटा उचलला तवा मी ह्यांच्या मागं लागले हुते, वरला घ्या म्हणून, म्हंजी तितं कुणी कदीच खणलं नसतं. ह्यांनी ऐकलं न्हाई."

शुभांगीने तिच्याकडे नीट बघितलं. रेश्मा घाबरलेली होती, यात शंका नव्हती. पण माणूस कशाकशाला घाबरतं! आपलं महत्त्व गेलं म्हणून घाबरतं, ओसरीवरची रांग दुसरीकडे वळली म्हणून घाबरतं. गेली कित्येक वर्षं शुभांगीने हीच भीती रोज गिळली होती, तिला ती लांबून ओळखता येत होती. म्हणजे ओळखता येते असं तिला वाटलं.

"तुझं पाणी आटलं, म्हणून माझंही बंद करू का?"

"माझं हाय तेवडं आपण वाटून घिऊ. ह्ये बुजवून टाका, ताई. तुमच्या पाया पडते."

"पड," शुभांगी म्हणाली आणि टोमॅटोची पाटी उचलून चालू लागली.

पण ती घरी गेली नाही. रेश्मा खाली दिसेनाशी झाल्यावर ती परत आली. ऊन अगदी डोक्यावर होतं. बोअरमध्ये पाणी किती आहे ते बघायचं तर उन्हात आरसा धरून कवडसा आत सोडतात. तिने माळावरच्या राखणीच्या झोपडीतला अमोलचा दाढीचा आरसा आणला. खात्री करून घ्यायची आणि मग रेश्माचं नाव डोक्यातून काढून टाकायचं. तिने दगड सरकवला, पत्रा उचलला. आवाज थांबला. तो येत होता, हे तिला थांबल्यावर कळलं.

कवडसा केसिंगच्या कडेवर थरथरला आणि खाली उतरला. ओली भिंत. त्याखालीही ओली भिंत. मग पाणी, काळं, वाटलं होतं त्याहून खूपच वर. पाण्यात दोन फिकट डाग होते, शेजारी शेजारी, लांबट. बेडूक असतील, ती म्हणाली, मोठ्याने म्हणाली. तिने आरसा थोडा तिरका केला. कवडसा डागांवर आला.

दोन तळवे होते. लहान, पाण्याने सुरकुतलेले, वरच्या बाजूला वळलेले. उजेड लागताच एकाची बोटं आखडली.

तिने पत्रा टाकला, दगड ठेवला आणि दगडावर बसली. आरसा धरलेली माझीच बोटं दिसली. उलटी दिसली. आरशात सगळं उलटंच दिसतं. तिने हात पुढे करून बोटं आखडून बघितली, पुन्हा पुन्हा, तसंच दिसतं का म्हणून. खालून पत्र्यावर काही वाजलं नाही. वाजलं असतं तर तिने रेश्माला हाक मारली असती. रेश्मा बांधापलीकडेच होती, तिच्या गवत कापण्याचा आवाज येत होता. पण हाक मारली की ती धावत येणार, आणि मग सगळ्या गावाला कळणार की बोअर आधी रेश्माला कळला होता, नंतरही रेश्मालाच कळला.

बराच वेळ ती तशीच बसून राहिली आणि मग घरी गेली.

७

आखितीला सकाळीच माळ भरला. कुशाबा आला होता, आपल्याच जमिनीत इतकं पाणी होतं आणि आपण वेड्यासारखी विकली म्हणून सगळ्यांना हसत हसत सांगत होता. हैबतराव होता, सोमनाथ होता, घोटावड्याच्या बायका होत्या. बोअरचा दगड काढून पत्र्यावर हळदकुंकू वाहिलं होतं. सारजाबाई नवं लुगडं नेसून, हातात पाण्याचा तांब्या घेऊन पुढे आली.

"ज्या पायानं पाणी दावलं त्ये पाय आज मी धुनार," ती म्हणाली. "सासूनं सुनेचं पाय धुऊ ने म्हंत्यात. म्हनू द्यात!"

बायका हसल्या. रेश्मासाठी हे कधीच झालं नव्हतं. सारजाबाईने तिच्यावरून बोटं मोडली होती, पण पाय धुतले नव्हते. शुभांगीने चपला काढल्या आणि ती बोअरच्या शेजारी, मऊ मातीवर उभी राहिली. कालचं सगळं ऊन लागल्याने झालं असणार. इतकी माणसं, इतका उजेड. इथे काय असणार आहे?

पत्र्याखाली थप थप चालू होतं. बायकांच्या बोलण्यात ते कुणाला ऐकू येत नव्हतं.

रेश्मा गर्दीतून वाट काढत तिच्या अगदी जवळ आली आणि कानाशी लागली. तिचा श्वास फुलला होता. "ताई, तुमी न्हाई पायाळू. मला ठावं हाय. पायाळूचे पाय समजून त्ये तुमच्याकडं वर येतंय. मी पायाळू न्हाई, येवडंच म्हना, मोठ्यानं, त्येला ऐकू जाईल असं. त्ये माघारी जाईल. बाकीचं मी माज्यावर घेते. मीच तुमाला नारळ धरायला शिकिवलं म्हनते, मीच खोटं बोलायला लावलं म्हनते. कुनी तुमाला काय बोलनार न्हाई."

ती खरं बोलत होती. शुभांगीला ते लख्ख कळलं, कालच्या त्या बोटांइतकं लख्ख. एक वाक्य बोललं की सुटका होती. आणि मग? मग रेश्माने सगळ्यांदेखत जावेचं खोटं आपल्या अंगावर घेतलं असतं. माणसं म्हणाली असती, केवढं मन त्या पोरीचं. सारजाबाईने तांब्या घेऊन तिच्याकडे वळायला वेळ लावला नसता. सुटकासुद्धा हिच्याकडूनच घ्यायची होती. आणि त्यात मोठेपणाही पुन्हा हिचाच.

"काय कुजबुजताय गं दोगी?" सारजाबाईने विचारलं.

"रेश्मा विचारतेय, मी खरंच पायाळू आहे का," शुभांगी म्हणाली. तिचा आवाज छान खणखणीत लागला. "आहे. सांगते सगळ्यांना. मी पायाळूच आहे. हिच्याहून काकणभर जास्तच."

माणसं हसली. हैबतरावने टाळी वाजवली. रेश्मा दोन पावलं मागे गेली, मग आणखी मागे, बांधापर्यंत.

पत्र्याखालचा आवाज थांबला.

सारजाबाई खाली बसली आणि तिने तांब्यातलं पाणी सुनेच्या पायांवर ओतलं. माती भिजली, मऊ झाली, पावलं थोडी आत रुतली. पाणी कोमट होतं, उन्हात ठेवलेलं. म्हणून मग तळव्यांना खालून जे लागलं ते किती गार होतं, हे शुभांगीला लगेच जाणवलं.

आधी उजव्या पायाला. टाचेला टाच, चवड्याला चवडा. लहान होतं ते, तिच्या पावलाच्या मधोमध बसत होतं. मग डाव्यालाही. दाबत नव्हतं, ओढत नव्हतं, नुसतं टेकलं होतं, भिंतीच्या दोन बाजूंनी दोघांनी हात टेकावेत तसं, आणि मधली भिंत आता फार जाड राहिलेली नव्हती. तिने उजवा पाय उचलायचा प्रयत्न केला. खालची बोटं तिच्या बोटांमध्ये शिरली आणि आखडली.

"उचल की जरा पाय," सारजाबाई म्हणाली. "कडंनी कुकू लावते."

"असू द्या, आत्या," शुभांगी म्हणाली. "असंच लावा."

गुडघ्यांपर्यंत गारठा चढला होता. ओरडावं असं तिला वाटत होतं, अमोलचा हात धरावा असं वाटत होतं. तो चार हातांवर फोटो काढत उभा होता आणि तिला हसायला सांगत होता. तिने मान वर केली. बांधावर रेश्मा एकटी उभी होती, दोन्ही हात तोंडावर धरून, आणि तिच्याकडेच बघत होती. ती बघत होती म्हणून शुभांगी हसत राहिली.